इथली लिपी कोणती

नवी लोझिन्का, १२ फेब्रुवारी २००६

मोत्रा,

हे पत्र लावरीनच्या मिनीबसने येतंय, बरणीबरोबर. बरणीत लसूण घातलेली डुकराची चरबी आहे, तुला लागते तशी खारट. लावरीनला बजावलंय, आधी पत्र दे, मग बरणी. तो म्हणाला, "यूखिमकाका, तुमची बहीण बरणी अशी हिसकावते की पत्र काढायला मला हातच उरत नाहीत." नापोलीत जाऊनसुद्धा तुझी कीर्ती तशीच आहे म्हणायची.

मी बरा आहे. डावा गुडघा कुरकुरतो. कॉम्प्युटर केंद्रातून निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी काही बिघडलं की त्यांना मीच आठवतो. फुकटचा आहे ना.

कामाचं बोलतो. कॅनडाहून एक पाकीट आलंय. पिलीप द्झ्यूबा आठवतात? लढाईत जर्मनांनी आपल्या जुन्या गावातून मजुरीला नेलेले आणि मग परत न येता कॅनडाला गेलेले. त्यांचा पत्ता तूच शोधून काढला होतास. गेल्या शरदात ते वारले. त्यांची नात ओरिसिया हिने त्यांच्या प्रार्थनापुस्तकातले नऊ कागद मला पाठवलेत. पोरीने युक्रेनियन आजीच्या मांडीवर बसून ऐकलेलं, शाळेत शिकलेलं नाही, ते ओळीओळीत दिसतं. लिहिते, "आजोबांचे हे गुप्त लेखन तुमच्या गावाचे असावे."

गुप्त लेखन कसलं डोंबलाचं! मोत्रा, ती तुझी यादी आहे.

परत लिहितो, कारण मलाही तीनदा वाचल्याशिवाय खरं वाटलं नव्हतं. तुझी यादी. धरणात बुडालेल्या आपल्या लोझिन्क्याच्या स्मशानातली तीनशे बारा माणसं. आठ वर्षांपूर्वी यादी गेली ती गेलीच असं सगळ्यांनी धरलं होतं ना, तीच.

त्या दिवशी जे झालं ते झालं. मशीनचा काहीतरी घोळ होता. कोणाचं काय चुकलं ते उगाळत बसण्यात आता अर्थ नाही.

यंदा प्रोवोदी, आपला मेलेल्यांना आठवायचा रविवार, ३० एप्रिलला आहे. फादर ओनुफ्री पाण्याकाठी यादी वाचायला तयार आहेत. एकच अडचण आहे, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सुटणार नाही. हे वाचलंस तर दोन ओळी पाठव. मग सांगतो.

यूखिम

---

नवी लोझिन्का, ५ मार्च २००६

मोत्रा,

पत्र परत आलं. फोडलंसुद्धा नाहीस. बरणी मात्र ठेवलीस! लावरीनने विचारलं म्हणे, "ताई, मग बरणी पण परत नेऊ का?" तर तू म्हणालीस, "चरबीशी माझं काही भांडण नाही."

ठीक आहे. या वेळी दोन्ही पत्रं वाळलेल्या अळंब्यांच्या पिशवीत तळाशी घातलीत. अळंब्या संपेपर्यंत तुला पत्ता लागणार नाही. तुझी खादाडी ठाऊक असल्यामुळे मी दोन दिवस धरतोय.

त्या हिवाळ्याचं मला सगळं आठवतं. शाळा सुटली की तू एकेका म्हाताऱ्याला बसमध्ये घालून माझ्या केंद्रात आणायचीस. घरी त्यांची बोटं गारठलेली असायची, आणि मशीनांच्या खोलीत ऊब. रास्पबेरीच्या मुरंब्याचा चहा, पायाखाली तुझी शाल. ते बोलायचे आणि तू थेट टाइप करायचीस. वही करायची नाहीस. मी म्हणायचो, "अगं, कागदावर पण लिही." तू म्हणायचीस, "ते माझ्या तोंडाकडे बघत बोलतात, मी वहीत मान घालू का?" आई तेव्हा नुकतीच गेली होती आणि तुला घाई झाली होती. एकेक म्हातारं माणूस जात होतं, आणि त्याच्याबरोबर पाण्याखालची दहा-दहा नावं.

त्या यादीची एक प्रत तू मला कॅनडाला ईमेलने पाठवायला लावली होतीस, पिलीपकाकांनी तपासावी म्हणून. आठवतं? ती त्यांना मिळाली. कशी मिळाली, ते ऐक. हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण मी स्वतः त्या गोष्टीला वीस वर्षं शिव्याच घालत आलो.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर, याचं कोष्टक लागतं. आपल्याकडच्या कोष्टकाचं नाव कोय-आठ. प्रत्येक आकड्याला आठ घरं. इंग्रजीला सातच पुरतात. आठवं घर भरलेलं असलं की समजायचं, हे आपलं अक्षर. आता समुद्रापलीकडे जाणारं पत्र वाटेत दहा मशीनांच्या हातून जायचं, आणि त्यातली काही जुनी, सात घरांपुरतीच बांधलेली. ती आठवं घर बेधडक कापून टाकायची. आपल्याकडून अक्षरं निघायची आणि तिकडे कचरा पोचायचा.

पण कोय-आठ ज्याने रचलं, त्याने आपली अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावलीच नाहीत. आपल्या म ला त्याने बरोबर इंग्रजी म चाच आकडा दिला, फक्त आठवं घर भरून. आपला र त्यांच्या र वर, न त्यांच्या न वर. त्यामुळे नावं क्रमाने लावायची म्हटली की माझा जीव जायचा. मी प्रत्येक नव्या पोराला सांगायचो, हे कोष्टक करताना तो माणूस प्यायलेला होता.

मोत्रा, तो शुद्धीत होता! माझ्यापेक्षा कितीतरी शुद्धीत. त्याला माहीत होतं की वाटेत कोणीतरी आठवं घर कापणार. म्हणून त्याने अशी मांडणी केली की कापलं तरी खाली तोच आवाज उरावा. मार्फा निघाली आणि मार्फाच पोचली. परक्या अक्षरांत, पहिलं अक्षर लहान आणि बाकीची मोठी, सगळं उलटंपालटं, पण मार्फा. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. कुठल्या तरी खोलीत बसून, आपल्या गावाचं नावही न ऐकता, त्याने तीनशे बारा माणसांची सोय करून ठेवली होती.

आपली म्हणून जी चार अक्षरं रशियनमध्ये नाहीत, ती कोष्टकात मागाहून मिळेल तिथे कोंबली. त्यांच्याखाली कोणी जोडीदार नव्हता. म्हणून आपला इवान सहाच्या आकड्याने सुरू होतो, आणि एका बाईच्या नावात चक्क डॉलर आहे. पिलीपकाकांनी अशा प्रत्येक चिन्हावर पेन्सिलीने बारीक अक्षर काढलंय. म्हणजे ते वाचत होते. आणि ओरिसिया काय लिहिते ते अक्षरशः उतरवतो: "दर वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी आजोबा हे कागद चर्चमध्ये न्यायचे. पाद्रींना वाचता येत नसे, म्हणून आजोबा स्वतः उभे राहून वाचायचे. आम्हा मुलांना वाटायचं की हे एखादं मोठं स्तोत्र आहे."

कळलं का तुला? आठ वर्षं. आपण इथे पाण्याकाठी अंडी आणि पाव घेऊन मुक्याने उभे राहिलो, आणि तिकडे बर्फात एक म्हातारा दर वर्षी सगळ्यांना हाक मारत होता. एकालाही न वगळता.

आता अडचण. चौथं पान घडीवर झिजलंय. आठ वर्षं घालून-काढून तिथे भोक पडलंय, आणि त्या भोकात एक नाव गेलंय. वर आहे, तेरेन्ती, हप्काचा नवरा. खाली आहे, मार्फा, तेरेन्तीची आई. आणि मध्ये फक्त इतकं शिल्लक: "हप्काचा, तीन दिवसांचा."

हप्काआजी अजून आहे. एक्क्याण्णव पूर्ण झाली. पण तिला आता काही आठवत नाही. मला ती आपल्या बाबांच्या नावाने हाक मारते. मी विचारलं, "आजी, तुमचं पहिलं बाळ, त्याचं नाव काय हो?" ती म्हणाली, "मला कुठलं बाळ? मी तर अजून कुमारिका आहे." आणि लाजली. ते नाव तिने जन्मात एकदाच उच्चारलं असेल, त्या खोलीत, तुझ्यासमोर. मी बाहेर होतो. तू लाल डोळ्यांनी बाहेर आली होतीस, एवढंच मला आठवतं.

ते नाव कळव. माझ्यासाठी नको. हप्काआजी आहे तोवर.

यूखिम

---

नवी लोझिन्का, २६ मार्च २००६

मोत्रा,

लावरीन म्हणाला, तू दोनच वाक्यं बोललीस. "अळंब्या बऱ्या होत्या." आणि, "त्याला विचार, मशीनचा घोळ म्हणजे कसला?"

म्हणजे पत्रं मिळाली. आणि तू अजूनही मास्तरीणच आहेस. उत्तर अर्धवट दिलं की परत उभं करतेस. बरं. उभा राहतो.

मशीनचा काही घोळ नव्हता.

यादी छापायचा प्रोग्राम मी लिहिला होता, सी भाषेत. गावकऱ्यांसमोर मिरवायचं होतं म्हणून तो असा लिहिला की कुठल्याही देशात, कुठल्याही मशीनवर चालावा. छापायच्या आधी तो मशीनला एक प्रश्न विचारायचा: इथली लिपी कोणती? त्यासाठी तयार फंक्शन असतं, एका ओळीचं. उत्तर येईल ते कोष्टक घ्यायचं, आणि त्या कोष्टकात न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह छापायचं. मला वाटलं होतं, काय हुशारी केली आपण.

पण सी मधला प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याला गाव नसतं. मशीन कुठेही असो, कीवमध्ये की लिस्बनमध्ये, तो समजतो की जगात फक्त इंग्रजीची सात घरं आहेत. तसंच ठरलेलं आहे, सगळ्यांसाठी. त्याला भानावर आणायला आधी आणखी एक ओळ लिहावी लागते. सेट-लोकेल नावाची. तिच्यात दोन अवतरणचिन्हं असतात. मध्ये तुम्ही एखाद्या देशाचं नाव लिहू शकता. पण खरी गंमत अशी की मध्ये काहीच लिहायचं नाही. रिकामी अवतरणचिन्हं. त्याचा अर्थ, मी काही सांगत नाही, तू जिथे आहेस तिथल्यांना विचार आणि त्यांचं ऐक.

मी ती ओळ लिहिली नव्हती.

म्हणून माझ्या प्रोग्रामने विचारलं, इथली लिपी कोणती, आणि उत्तर आलं: अमेरिकेचं एकोणीसशे अडुसष्ट सालचं कोष्टक. द्नीप्रो नदीच्या काठावर, लोझिन्क्याच्या माणसांनी भरलेल्या खोलीत! मशीनला सगळं ठाऊक होतं गं. मीच त्या मशीनवर सेटिंग करून ठेवलं होतं, युक्रेनियन, कोय-आठ-यू. फक्त त्याला कोणी विचारलं नाही.

तू विचारशील, तपासला नव्हतास का? तपासला होता की! इंग्रजीत. टेस्ट, टेस्ट, एक, दोन, तीन. आम्ही सगळे तसंच करतो, कीबोर्ड बदलायचा कंटाळा. ते झकास छापलं गेलं. मग मी तुझी फ्लॉपी घातली, छापायला लावलं, आणि प्रिंटर शेजारच्या खोलीत खडखडत असतानाच फ्लॉपी पुसली. आमच्याकडे फ्लॉप्यांचा दुष्काळ. काम झालं की पुसून डब्यात, हाताला सवयच लागलेली. शिपाईणबाईने कागद पाकिटात घालून दिले आणि मी ते न उघडता फादरकडे नेले.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मी ते कधी लिहिलेलं नाही. सगळं गाव पाण्याकाठी. पास्काचा गोड पाव, रंगवलेली अंडी, प्रत्येकाच्या मुठीत पाण्यात सोडायला पावाचा तुकडा. फादरनी पाकीट उघडलं. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं. पानभर प्रश्नचिन्हं. ते पानं उलटत राहिले. हप्काआजी पुढे होती, तेव्हा तिचं डोकं शाबूत होतं. म्हणाली, "वाच ना रे फादर, पाय दुखायला लागले." आणि सगळे माझ्याकडे वळले.

तेव्हा मी म्हणालो, "तिने फाइल कुठल्या लिपीत भरली देव जाणे. मास्तरीणबाईंना सांगितलं होतं मी, नीट भरा म्हणून."

मी तुला असं काहीच सांगितलं नव्हतं.

त्याच दुपारी केंद्रात जाऊन प्रोग्राम उघडला. चूक शोधायला चार मिनिटं लागली. ती ओळ लिहिली आणि परत विचारलं, इथली लिपी कोणती? उत्तर आलं, कोय-आठ-यू. मग मशीन बंद केलं आणि जेवायला गेलो. तुझ्याकडेच. तू गव्हाची गोड कुटिया वाढलीस आणि म्हणालीस, "यूखिम, खरंच माझं काय चुकलं असेल रे?" मी म्हणालो, "असू दे, होतं असं." आणि अजून वाढ म्हणालो.

पोरांनी तुझ्या फाटकावर खडूने प्रश्नचिन्हं काढली, महिनाभर. शाळेत तुझं नावच पडलं, प्रश्नचिन्ह बाई. तू दर सकाळी बादली घेऊन फाटक पुसायचीस, आणि मी खिडकीतून बघायचो. शरदात तू इटलीला गेलीस, परक्या म्हाताऱ्यांचं करायला.

माझ्याकडून असं झालं. तू विचारलंस म्हणून सांगितलं. न विचारता सांगायला हवं होतं.

यूखिम

---

नवी लोझिन्का, १४ एप्रिल २००६

मोत्रा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. लावरीनलाही काही बोलली नाहीस. आजच्या पत्राबरोबर काहीच पाठवत नाही, नुसतं पत्र. घ्यायचं तर घे, नाहीतर टाक.

अजून एक राहिलंय. गेल्या पत्रात लिहिणार होतो, टाळलं.

पिलीपकाकांना यादी गेली होती, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मीच पाठवली होती. आणि कोय-आठचं आठवं घर कापलं तरी वाचता येतं, हेही आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. कामात मी असली पत्रं वाचलेली आहेत, हसत हसत. म्हणजे यादी परत मिळवायला काय लागलं असतं? एक पोस्टकार्ड. "काका, तो कागद जपून ठेवलाय का? परत पाठवा." एवढंच.

पण ती यादी परत आली असती तर सगळ्यांना दिसलं असतं की तुझी फाइल बरोबर होती. एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मग चुकलं कोण?

दर वर्षी वाटायचं, पुढच्या ईस्टरआधी लिहू. आता आठवा ईस्टर आला. माझ्या एका पोस्टकार्डाअभावी तुझ्या त्या म्हाताऱ्यांपैकी ओव्हरी गेला, सोलोखा गेली, दोघी मेलाश्का गेल्या. आपल्या माणसांना हाक मारलेली ऐकायचं त्यांच्या नशिबी आलं नाही. मी माझी लाज वाचवली आणि त्यांना तसंच जाऊ दिलं.

आता मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मला तोंडच नाही. मी फक्त ते नाव मागतोय. नाही आलं तर फादर त्या जागी थांबतील, एक श्वासभर, आणि पुढे जातील. तसं सांगून ठेवलंय. प्रश्नचिन्ह मात्र नाही वाचणार.

यूखिम

---

नवी लोझिन्का, ३ मे २००६

मोत्रुन्या,

तू तिथे होतीस, तरी लिहितोय. कारण तू गर्दीच्या मागे होतीस आणि मी पुढे, फादरच्या शेजारी, पानं धरून. मी जे बघितलं ते तुला तिथून दिसणं शक्य नव्हतं.

तू नेमकी कधी आलीस ते मला माहीत नाही. वाचन सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांपुढे बोललो, ते ऐकलंस का, तेही माहीत नाही. नसलंस ऐकलं तर सांगतो. मी म्हणालो, "मोत्राची फाइल बरोबर होती. एक ओळ लिहायची माझी राहिली होती. मला त्याच दुपारी कळलं, आणि मी गप्प बसलो." मग मागून ग्रीत्स्को सुतार ओरडला, "एका ओळीला आठ वर्षं लागली काय रे, यूखिम?" कोणी हसलं नाही. मी हो म्हणालो.

मग फादरनी वाचायला घेतलं. मी सगळी नावं परत आपल्या अक्षरांत आणून, मोठ्या ठशात छापून दिली होती. पण फादर म्हणाले, "ते कागदही हातात राहू देत." म्हणून पिलीपकाकांचे नऊ कागद मी उघडून धरले होते. इवान. मार्फा. पनास. यारीना. एकेक नाव आलं की कोणीतरी पुढे व्हायचं आणि पाण्यात पाव सोडायचं. वारा पाण्यावरून येत होता, नावं मागे आपल्याकडे ढकलत. तीनशे बारा माणसं गं! गणित मला चांगलं येतं, पण तो आकडा केवढा असतो ते मला त्या काठावर कळलं. संपतच नव्हती. वाऱ्याने कागद हलू नयेत म्हणून मी कोपर पोटाशी दाबून धरलं होतं.

हप्काआजी माझ्यापासून तीन पावलांवर, स्टुलावर. मांडीत रुमाल, रुमालात अंडं. ती आपल्याच नादात ते सोलत होती. तेरेन्तीचं नाव आलं, तिचाच नवरा, तरी तिने मान वर केली नाही. सोलत राहिली.

फादर थांबले. ठरल्याप्रमाणे, एक श्वास.

आणि मागून तुझा आवाज आला. वर्गात हजेरी घेतात तसा, खणखणीत. "दिमिद."

मी मान वर केली, पण तुला शोधायला नाही. मी हप्काआजीकडे बघितलं. तिचे हात थांबले होते. अर्धं सोललेलं अंडं तसंच. ती कान देऊन बसली, कोणी फाटकावर आलं की बायका बसतात तशी. मग रुमाल बाजूला ठेवला, टरफलं झटकली आणि उठली. मोत्रुन्या, तिला उठवायला रोज दोन माणसं लागतात. ती एकटी उठली. "माझा आहे तो," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. मग फादरकडे वळून, समजावल्यासारखं, "थंडी फार होती ना तेव्हा."

फादरनी ते नाव परत वाचलं. दिमिद, हप्काचा, तीन दिवसांचा. तिने ते अंडं घेतलं, चार पावलं चालली, आणि पाण्यात सोडलं. मी तिच्या दंडाला धरलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला माझ्या नावाने हाक मारली. "यूखिम," म्हणाली, "रडतोस काय? आला ना तो." त्यानंतर पुन्हा मला बाबांच्या नावाने हाक मारायला लागली, आजपर्यंत तशीच. पण तेवढा वेळ ती सगळीच्या सगळी इथे होती.

हे तुला दिसलं नसणार. म्हणून लिहिलं.

नंतर तू माझ्या बाजूने गेलीस. मला वाटलं, थांबशील. तू पाऊल न थांबवता विचारलंस, "अजून इंग्रजीतच तपासतोस का रे?" लावरीनची बस दोनला सुटायची होती, त्याने हॉर्न दिला, आणि तू गेलीस. घरी आलो तर फाटकावर माझी बरणी, घासून पुसून लख्ख. आत इटलीची वाळवलेली अंजिरं.

तेव्हाचं उत्तर आता देतो. नाही. काल नवा प्रोग्राम लिहिला, यादी कायमची नीट छापायला. सगळ्यात वर ती ओळ घातली, रिकाम्या अवतरणचिन्हांची. मग विचारलं, इथली लिपी कोणती, आणि उत्तर बरोबर आल्यावरसुद्धा विश्वास ठेवला नाही. कीबोर्ड बदलला आणि तपासायला पहिलं नाव टाइप केलं, दिमिद. प्रिंटरपाशी जाऊन उभा राहिलो. कागद बाहेर आला, हातात घेतला, वाचला, आणि मगच उरलेली तीनशे अकरा छापली.

यादी सोबत आहे. या वेळी घडी घातलेली नाही, गुंडाळून पाठवलीय.

तुझा,
यूखिम